आलं न्हवं

उद्यमनगरात, मगदूमांच्या शेडमागं,
लेथचा चुरा पोत्यात भरून ठेवतात तिथं,
इलाही शिकलगारनं कूलंटचा निळा ड्रम
हॅकसॉनं मधोमध कापला एका रविवारी.
तळाला पाच भोकं पाडली, बारा एमएमची,
आणि म्हणाला, माती बघ कुठं मिळती काय.

आमच्याकडं माती म्हणजे मोल्डिंगची काळी वाळू,
भिजवली की जळक्या लोखंडाचा वास येणारी.
मी कळंब्याकडनं दोन घमेली गाळ आणला,
शेणखत गंगावेशीतल्या म्हशीवाल्यानं दिलं,
पैसे घेतले नाहीत, फूल लागलं तर दाखव म्हणाला.

कंद गगनबावड्याचे, त्याच्या बहिणीच्या परड्यातले.
ओल्या तरटात गुंडाळून जेवणाच्या डब्याशेजारी
एसटीनं आलेले.
पोपट सुतारनं एक उचलला, नाकाशी धरला.
"आलं?"
"आलं न्हवं. सोनटक्का हाय."
"मग येणार कवा?"
सगळी शेड हसली. इलाही नाही.

त्यानं कंद उजव्या तळहातावर घेतला.
गाठी, पेरं, इकडंतिकडं फुटलेली बोटं.
हाताची दोन पॉवर प्रेसनं माघातच नेलेली.
हात आणि कंद असे एकावर एक,
आणि पोपट एकदम
व्हर्निअर पुसायला लागला, पुसलेलाच.

डोळा वर, इलाही सांगत होता.
दोन पेरं खोल, त्याहून जास्त नाही.
(ती दोन पेरं त्यानं माझ्या बोटावर मोजली.)
पाणी लगेच ओतायचं नाही. नुसती ओल.
कोंब यायच्या आधी लाड केले
तर आतल्या आत कुजतो,
वर कुणाला पत्ता नसतो.

वैशाख संपला.
पोपट कार्ड पंच करून रोज मागं जायचा.
"आलं का?"
"न्हाई अजून."
ज्येष्ठात एका सकाळी दिसला:
लालसर, टोकदार,
सेंटर पंच खालनं कुणी वर ठोकावा तसा.
इलाही त्या दिवशी नव्हता.
भरपाईच्या कागदावर कुठली तरी सही राहिली होती.
नंतरही तो नव्हताच.
इचलकरंजीत मेव्हण्याच्या दुकानात
कात्र्यांना धार लावतो, डाव्या हातानं,
असं कुणीतरी सांगितलं.

भाद्रपदात, दुसऱ्या पाळीला, लाईट गेली.
मशीनी थांबल्या, आणि कटिंग ऑईलच्या वासातनं
भलताच वास चालत आला.
मगदूमशेठ केबिनबाहेर येऊन म्हणाले,
अत्तर कुणी लावलंय रे ड्युटीवर?
बॅटरी घेऊन आम्ही सगळे मागं गेलो.
कोरं कॉटन वेस्ट असतं ना,
तेल लागायच्या आधीचं, तसं पांढरं.
फुलं सकाळपर्यंत वाळतात. मग दुसरी.

तिसऱ्या वर्षी ड्रम फुगला, शिवणीवर तडकला.
आतली बोटं बाहेर निघालेली.
सुरी घेऊन बसलो.
प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा हवा,
कापल्या जागी राख लावायची,
दोन दिवस सावलीत सुकू द्यायचं.
हे सगळं मला पाठ होतं,
तरी पहिला घाव घालायला
चहा गार होईपर्यंत वेळ लागला.

चार तुकडे तरटात बांधून इचलकरंजी गाठली.
दुकानात कुंडीला जागा नाही.
चाकाखालचं पाण्याचं जुनं घमेलं
त्यानं पायानं पुढं सरकवलं.
"भोकं?"
"पाड की. ड्रिल हाय."
बाकी विशेष बोलणं झालं नाही.
त्याला सहा कात्र्या द्यायच्या होत्या संध्याकाळपर्यंत.

ज्येष्ठात फोन वाजला, ऐन मशीन चालू असताना.
मी एका कानात बोट घातलं.
पलीकडं चाकाची किरकिर,
आणि त्यातनं इलाही, तेच दोन शब्द,
नुसता सूर वर चढवलेला:
"आलं न्हवं!"